कोचच्या घरची राखीव

शेवट ओळखून दाखवा. लावता पैज? लावू नका, हराल. गोष्ट मुलींच्या सॉफ्टबॉलच्या फायनलची आहे. आमचा कोच ती फायनल जिंकतो, चकाकता कप काखेत मारून घरी येतो, आणि तरी या सगळ्याचा भुर्दंड कुणावर पडतो नि कशाचा, ते तुम्हाला सांगता यायचं नाही. ‘पोरीनं बॉल लांब टोलवला आणि सगळे नाचले’ असं काही मनात आलं असेल तर आत्ताच पुसून टाका. तसलं काही झालेलं नाही.

कोच म्हणजे नावाचा कोच. धंद्यानं इस्त्रीवाला. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत कपडे, चारनंतर पोरी. दोन्हीकडं धोरण एकच: सुरकुती दिसली की दाबायची. दुकान पुढं, घर मागं, मधे एक पडदा. पडद्याच्या पुढं त्याचं राज्य, पडद्याच्या मागं बायकोचं. (पडदा कुठं टांगायचा हे बायकोनं ठरवलं होतं, यावरून काय ते समजा.)

त्याची पोर त्याच्याच संघात होती, आणि हीच तर सगळी भानगड. तीन वर्षांपूर्वी एका सामन्यात पोरीच्या हातातून सोपा झेल सुटला. प्रेक्षकांत दातांचा डॉक्टर बसला होता. त्याचीही पोर संघात, तीही उंच, दणकट, बॉल असा मारायची की पोरींनी तिचं नाव तोफ ठेवलेलं. डॉक्टर मोठ्यानं म्हणाला, “घरची म्हणून घेतली की असंच व्हायचं!”

बस्स. कोचच्या काळजात काटा रुतला. त्या दिवसापासून पोरगी बाकावर. आपण दहा रनांनी पुढं असलो तरी बाकावर, दहानं मागं असलो तरी बाकावर. बाकीच्या राखीव पोरींना तो सारखा आतबाहेर करायचा, दमली की काढ, चिडली की घाल, उगाच शिंकली तरी बदल. पण स्वतःच्या पोरीकडं त्याची नजर वळायची नाही. पोरी तिला राखीव म्हणायला लागल्या आणि तेच नाव पडलं.

आणि याचा त्याला अभिमान केवढा! गिऱ्हाईक दारात आलं की हा इस्त्री उभी करून सांगायचा, “माझ्या घरात वशिला चालत नाही.”

(गिऱ्हाइकानं विचारलेलं असायचं, शर्ट झाला का.)

तर फायनलच्या आदल्या संध्याकाळी कोच संघाच्या शर्टांना इस्त्री करत होता आणि बायको टेबलाशी बसून यादी लिहीत होती. ही यादी म्हणजे साधी गोष्ट नाही. सुरुवातीला कोण नऊ जणी उतरणार, कुठल्या क्रमानं बॅटिंग करणार, राखीव कोण, हे सगळं त्यात असतं. तीन प्रती काढायच्या: एक अंपायरला, एक समोरच्या संघाला, एक आपल्याला. एकदा अंपायरच्या हातात गेली की तीच खरी. ती बायकोनं का लिहायची, तर कोचचं अक्षर. मागं एकदा त्यानं स्वतः लिहिली तेव्हा अंपायरनं कागद उलटा धरून विचारलं होतं, “हे काय, मैदानाचा नकाशा आहे का?”

“तिसऱ्या नंबरला तोफ,” कोच कॉलर दाबत म्हणाला.

“हं.”

“राखीव तिघी. त्यात आपली.”

बायकोचं पेन थांबलं. “मंगळवारी ती चौदाची होते.”

“हो का? बरं.”

“बरं काय? ही चौदाच्या आतली स्पर्धा आहे. उद्या नाही खेळली तर या संघातलं तिचं खेळणं म्हणजे तो सुटलेला झेल, तेवढंच राहील. तीन वर्षं नुसती पाण्याच्या बाटल्या भरत्ये.”

“तिला कळतं सगळं. समजूतदार आहे.”

“समजूतदार आहे म्हणूनच बाकावर आहे. आदळआपट करणारी असती तर बॉल टाकणारी पिचर केली असतीत.”

“अगं, लोक काय म्हणतील? नियम तो नियम.”

बायको गप्प बसली. आता खरं म्हणजे बायको गप्प बसली की शहाण्या माणसानं इस्त्रीचं बटण बंद करून जरा विचार करावा. पण हा खूश झाला. त्याला वाटलं, पटलं. तिनं कागद पुढं केले, यानं चष्मा न घालता तिन्हीवर सही ठोकली आणि शिट्टी वाजवत पुढचा शर्ट घेतला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ही गर्दी! समोर निळ्या टोप्यांचा संघ, गेल्या वर्षीचा विजेता. अंपायरबाई जाडजूड, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी यादी वाचायला घेतली. “तिसऱ्या नंबरला...” आणि पुढं कोचच्या पोरीचं नाव.

कोच हसला. बाईंची चूक झाली असं त्याला वाटलं. मग राखीवमधे तोफेचं नाव आलं आणि त्याचं हसू इस्त्री केल्यासारखं सपाट झालं.

“बाई, थांबा! ही यादी चुकीची आहे!”

“कुणाची यादी आहे?”

“आमचीच.”

“सही?”

“माझीच. पण लिहिली माझ्या बायकोनं.”

“मग बरोबर असणार,” बाई म्हणाल्या.

“नाही हो! माझी तक्रार आहे! लेखी घ्या!”

“स्वतःच्याच संघाविरुद्ध?” बाईंनी टोपी मागं सारली. “वीस वर्षं अंपायर आहे, असला कोच पाहिला नाही. ही पहिली समज देते. पुन्हा मैदानात येऊन आवाज केलात तर बाहेर काढीन.”

मग पोरीला लगेच बदलावं म्हटलं, तर तेही जमेना. स्पर्धेचा नियम होता, सुरुवातीला उतरलेली मुलगी पहिल्या दोन इनिंग बदलायची नाही. कोच तणतणत धावांची वही लिहिणाऱ्याच्या टेबलाकडं गेला. वही लिहायला कोण बसलेलं? त्याचीच बायको.

“हे काय केलंस?”

“दोन इनिंग आपली खेळेल. मग खुशाल तोफेला घाला. तोफ तीन वर्षं खेळत्ये, दोन इनिंग बसली तर गंजणार नाही.” तिनं पेन्सिलीला टोक काढलं. “आता जा. वही लिहिणाऱ्याशी बोलायचं नसतं, नियम आहे.”

प्रेक्षकांतून डॉक्टरचा आवाज आलाच, “शेवटी घरचीच निघाली!” कोचला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पोरगी उतरली. शर्ट ढगळ, टोपी कानावर, तोंडभर हसू. पहिल्याच इनिंगमधे तिची बॅटिंग आली. कोच ओरडला, “मार! मार!” आणि पोरगी इतकी हरखलेली की डोक्यावरून जाणाऱ्या बॉलला मारलं, मातीत पडलेल्याला मारलं, आणि तिसरा बॉल तर मागं बसलेल्या कॅचरच्या हातात गेल्यावर मारला. तीन स्ट्राइक, आऊट. डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या. राखीव मान खाली घालून परत आली, तेव्हा कोचला तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण सगळे बघत होते. त्यानं धावांच्या फळ्याकडं बघितल्यासारखं केलं.

दोन इनिंग संपल्या आणि त्यानं तिला काढून तोफेला आत घातलं. जीव भांड्यात पडला. तोफ धडाडली, चार-चार बरोबरी झाली. पोरगी बाकावर आपल्या जुन्या जागी जाऊन बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकून निळ्यांच्या पिचरकडं टक लावून.

कोचचा हात तर शिवशिवतच होता. चौथ्या इनिंगमधे त्यानं उरलेल्या दोन्ही राखीव पोरी घातल्या आणि काढल्या. एकीला दोनच मिनिटं. त्याला वाटत होतं आपण फार डोकं लढवतोय.

पोरींच्या फायनलला इनिंग पाचच. पाचव्या इनिंगमधे निळ्यांची शेवटची बॅटिंग होती. जमिनीवरून आलेला बॉल अडवायला तोफ वाकली, बॉल दगडावर आपटून उसळला आणि थेट तिच्या तोंडावर. तिनं त्याही स्थितीत बॉल पहिल्या बेसवर फेकून गडी बाद केला, हे खरं. पण ओठ सुजला, पुढचा दात हलायला लागला. डॉक्टर कुंपण ओलांडून धावत आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दातांत बोट घालणारा माणूस, आता स्वतःच्या पोरीचा दात बघून त्यालाच घेरी यायची वेळ आली.

“काही नाही झालं पप्पा, खेळते मी!” तोफ बोबडी बोलली.

“एक मिनिट नाही! आधी दवाखाना!” आणि तिला उचलून तो गेलासुद्धा.

कोच बाकाकडं वळला. अंपायरबाईंनी बोट हलवलं. “त्या दोघी राखीव होत्या, एकदा काढल्या. राखीवला परत येता येत नाही.”

“मग कोण घालू?”

“जी सुरुवातीला उतरली होती तिला एकदा परत येता येतं. तिच्याच जागी तोफ आली होती ना? तिला घाला. नाहीतर आठजणींत खेळा, आणि त्या मुलीची पाळी आली की मी आऊट धरीन.”

कोचनं बाकाकडं पाहिलं. राखीव आधीच बूट बांधून उभी होती. टेबलाशी बायकोनं मान वर न करता वहीत काहीतरी लिहिलं. (नियमांचं पुस्तक तिनं आठवडाभर उशाशी ठेवलं होतं. कोचनं ते दुकानाच्या डुगडुगत्या टेबलाखाली घातलेलं, तिथून काढून.)

आता बघा कसं जुळून येतं. आपली शेवटची बॅटिंग, अजून चार-चारच. दोघी बाद (तिघी झाल्या की डाव संपला), तिन्ही बेसवर आपल्या पोरी, एक रन झाला की कप आपला. आणि पाळी कुणाची? तिसऱ्या नंबरची.

पोरगी बॅट घेऊन उभी राहिली. पहिला बॉल आला. हिनं नुसता पाहिला. “स्ट्राइक!”

“अगं मार की!” कोच किंचाळला.

दुसरा बॉल खाली पडला. पाहिला. “बॉल!” (गुडघ्याच्या खालनं गेला तर बॉल, वरनं गेला आणि सोडला तर स्ट्राइक.) तिसराही खाली. पाहिला. “बॉल!”

“मार गं बाई! चित्र काढत्येस का त्याचं?”

चौथा गुडघ्याजवळून गेला. पोरगी ढिम्म. बाई गरजल्या, “स्ट्राइक!”

आणि कोचच्या आत काहीतरी सटकलं. तीन वर्षं ज्यानं आपल्या पोरीसाठी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, तो तीरासारखा मैदानात घुसला. “हा स्ट्राइक? हा? बाई, डोळे आहेत की शर्टाची बटणं? बुटाची नाडी शिवून गेला तो! माझी पोर आहे म्हणून देता होय? तीन वर्षं बसलीय ती बाकावर, तीन वर्षं! तिला असं फसवता?”

टेबलाशी बायकोनं पेन्सिल खाली ठेवली.

अंपायरबाई शांतपणे म्हणाल्या, “दुसरी समज. बाहेर. आणि मैदान दिसेल असं कुठंही उभं राहायचं नाही.”

“बाई, पाया पडतो. दोन मिनिटं. एवढी बॅटिंग बघू द्या.”

“भिंतीमागं.”

जाताना त्यानं वळून पाहिलं. पोरगी त्याच्याकडं बघत होती. “बाबा, जा तुम्ही,” ती म्हणाली. “मला कळतंय.”

तर जिंकणारा कोच कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतीमागं, पाण्याच्या टाकीशेजारी उभा. समोर काय, तर भिंत. तिचे पोपडे मोजले त्यानं. मग बाईंचा आवाज आला, “बॉल!” म्हणजे तीन बॉल, दोन स्ट्राइक. आता पुढचा एकच. स्ट्राइक म्हणजे पोर बाद. चौथा बॉल म्हणजे तिला न मारता पहिला बेस मिळणार, भरलेल्या बेसांवरच्या सगळ्या एकेक घर पुढं सरकणार, तिसऱ्या बेसवरची घरात, सामना खिशात.

शांतता. इतकी की टाकीतलं पाणी ऐकू येत होतं. आणि मग एकदम गलका!

पण कुणाचा? जिंकल्यावर पोरी ओरडतात तशाच समोरच्याही ओरडतात. कोच भिंतीवर थापा मारायला लागला. “कोण? अरे कोण?” तेवढ्यात एक म्हातारा नळावर हात धुवायला आला.

“आजोबा, काय झालं?”

“लाल टोपीवाल्या जिंकल्या म्हणे.”

“त्या आमच्याच! पोरीनं मारला का?”

“मारला कसला? उभीच होती ती. हललीच नाही पठ्ठी.” म्हाताऱ्यानं हात झटकले. “सगळा माणूस घसा फोडून ‘मार, मार’ ओरडतोय, आणि ती आपली खांबासारखी. असलं काळीज असावं. कुणाची पोर हो ती?”

“माझी!” कोच म्हणाला. मग आणखी मोठ्यानं, भिंतीलाही ऐकू जाईल असं म्हणाला, “माझी पोर आहे ती!”

आणि टाकीला टेकून तो लहान मुलासारखा रडला. म्हाताऱ्यानं त्याला आपला हातरुमाल दिला. (चुरगळलेला होता. तशातही कोचच्या ते लक्षात आलं.)

घरी कप मधोमध ठेवून तिघं जेवायला बसली. कोचनं ताट बाजूला सारलं. “सांग ना, शेवटचा बॉल कसा आला?”

“खाली आला,” पोरगी म्हणाली.

“पण तुला कसं कळलं खाली येणार?”

“त्यांची पिचर चौथ्या इनिंगनंतर दमते बाबा. दमली की बॉल गुडघ्याखाली पडतो. तीन वर्षं बाकावरनं दुसरं काय बघणार मी?”

“मग पहिल्या वेळेला का असली बॅट फिरवलीस?”

“तेव्हा ती ताजी होती. आणि तेव्हा मी तुमचं ऐकलं.”

कोचनं बायकोकडं पाहिलं. “तू तरी सांग. तू समोरच होतीस.”

“मी लिहीत होते. वहीत आहे सगळं.” वहीत काय होतं? चार टिंबं, दोन फुल्या, एक बाण. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण, आणि जागा बोटाच्या नखाएवढी.

मग सुरू झालं वेड. जो कोणी त्या दिवशी मैदानावर होता त्याला कोच दुकानात बसवायचा. “तो शेवटचा बॉल सांगा जरा.” पोस्टातला कारकून सांगायला लागला, कोचनं खुशीत त्याचा शर्ट फुकट करून दिला. झालं! दुसऱ्या दिवशी दुकानापुढं रांग. एकेक जण गाठोडं घेऊन हजर. शर्टाला छोटी गोष्ट, पँटला मोठी. पडदे आणणाऱ्यानं तर पोरीच्या पापण्यांची उघडझाप मोजून सांगितली. डॉक्टर चार पांढरे कोट घेऊन आला आणि डोळे मिटून रंगवून रंगवून सांगायला लागला. दुसरा कोट संपत आला तेव्हा कोचला आठवलं, हा तर तेव्हा दवाखान्यात दात बसवत होता. तरी त्यानं थांबवलं नाही. “पुढं?” म्हणाला. कारण डॉक्टर म्हणत होता, “घरची म्हणून नाही हो, गुणाची म्हणून खेळली.”

आणि मग एका दुपारी निळ्या टोप्यांचा कोच आला. धंद्यानं बसचा ड्रायव्हर, जाडजूड मिशा. बरोबर सगळ्या संघाचे शर्ट, धुतलेले.

“इस्त्रीवाले, ऐकलं, तुमच्याकडं गोष्टीच्या बदल्यात इस्त्री होते.”

कोच हरखला. हा तर सगळ्यात जवळून पाहणारा! त्यानं पिचरचा निळा शर्ट पसरला, इस्त्री गरम केली. “बसा, बसा. अगदी सुरुवातीपासून सांगा.”

ड्रायव्हरनं छान सांगितलं. पिचरच्या कपाळावरचा घाम सांगितला, पोरीनं जमिनीत रोवलेले पाय सांगितले. “मी आमच्या पोरींना म्हणालो, असं उभं राहायला शिका.” कोचच्या डोळ्यात पाणी. “एवढंच की,” ड्रायव्हर मिशीवरनं हात फिरवत म्हणाला, “माझ्या मते तो शेवटचा बॉल स्ट्राइकच होता.”

“काय?”

“गुडघ्याच्या वरनं गेला.”

“खालनं गेला!”

“तुम्ही तर भिंतीमागं होतात!”

“मी भिंतीमागनंसुद्धा सांगतो, खालनं गेला! थांबा, दाखवतो.” कोचनं बाह्यांना इस्त्री करायची लाकडी फळी बॅटसारखी धरली आणि टेबलापुढं उभा राहिला, हुबेहूब पोरीसारखा. ड्रायव्हरनं मोज्यांचा गोळा केला. पोस्टातला कारकून तिथं होताच, त्याला अंपायर केला. गोळा आला.

“बॉल!” कारकून म्हणाला. (त्याची पँट व्हायची होती.)

“परत टाकतो! नीट बघा!”

“टाका! शंभरदा टाका!”

पडद्यामागनं बायकोचा आवाज आला, “अहो, काहीतरी जळतंय!”

“निळ्यांचा कोच जळतोय,” हा ओरडला, “हरलाय ना!”

तिसऱ्यांदा गोळा आला तेव्हा धूर कारकुनाच्या नाकात गेला. इस्त्री उचलली. पिचरच्या शर्टाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, इस्त्रीच्या आकाराची खिडकी.

शिंपी म्हणाला, हा निळा रंग आता येत नाही. स्पर्धेचा नियम म्हणतो, सगळ्या संघाचा शर्ट एका रंगाचा पाहिजे. म्हणजे एक शर्ट देऊन भागत नव्हतं, अख्खा संघ नव्यानं शिवायचा.

“ठीक आहे,” कोच कपाळ पुसत म्हणाला. “मैदानात नऊ जणी उतरतात. नऊ शर्ट शिवून देतो.”

“आणि माझ्या चौघी राखीव?” ड्रायव्हरनं विचारलं.

“राखीवना कशाला...” एवढं बोलून कोच थांबला. पडदा बाजूला झाला होता. बायको उभी होती, हाताची घडी. तिच्या शेजारी पोरगी, बापाकडं तसंच टक लावून बघत, न हलता.

“तेरा,” कोच शिंप्याला म्हणाला. “तेरा लिहा.”

तेरा शर्ट, चांगल्या कापडाचे, दुहेरी शिलाईचे. आणि ते शिवून आले की त्यांना इस्त्रीसुद्धा त्यालाच करून द्यायची होती, फुकट.